शून्य नंबरचं घर

प्रिय ठमे,

आमच्या इमारतीच्या लिफ्टला वाचा फुटली आहे आणि माझ्या आयुष्यातली उरलीसुरली शांतता संपली आहे. हे मी अत्यंत जड अंतःकरणाने लिहीत आहे. परवापरवापर्यंत ही एक सज्जन, अबोल, फार तर जरा कुरकुरणारी लिफ्ट होती. कमिटीने तिला काय खाऊ घातलं कोण जाणे, आता ती बोलते. "दार बंद होत आहे." दिसतंय, बाई. "तिसरा मजला." हो, मी तिथेच राहते. "कृपया गर्दी करू नका." आत मी एकटी आणि माझी भाजीची पिशवी. बरं, आवाज इतका लाडिक, की गेल्या जन्मी मी तिची एकुलती एक नणंद असावे. मी रीतसर तक्रार केली. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, ज्येष्ठ नागरिकांच्या सोयीसाठी केलंय," आणि हे म्हणताना माझ्याकडेच बघत होते. मला अजून पन्नास लागायचं आहे, ही गोष्ट निदान तू तरी लक्षात ठेव. तेव्हापासून मी जिन्याने ये-जा करते. गुडघे बोलतात, पण ते माझेच असतात.

आवाजांबद्दल मी एवढी हळवी का झाले आहे, त्याला कारण आहे, आणि ते कारण तुझा दादा आहे. झालं. आता तू हा कागद घडी करून फ्रीजवर ठेवशील. ठेवू नकोस. मी गेल्या पंधरवड्यात तुला कितीदा फोन केला आठव. दादाचं नाव निघालं की तुझ्या दारावर कोणीतरी येतं, दूध उतू जातं, नाहीतर रेंज जाते. एवढी वर्दळ तर आमच्या ऑफिसातही नसते. कागदाला तसं मध्येच कापता येत नाही, म्हणून कागद. तर ऐक. तुझ्या दादाचा आवाज अजून आहे, ठमे. तू पुसायला सांगितला होतास आणि मला वाटलं होतं मी पुसला. तो आमच्या मशीनमध्ये शिल्लक होता, मधे एक दिवस तो मोकळा सुटला, आणि काकूंनी, तुझ्या आईने, तो ऐकला. आता त्याचं काय करायचं हे ठरवायचं आहे, आणि ते तुझ्यावाचून ठरणार नाही. पण झालं काय ते आधी क्रमाने सांगते, नाहीतर तू म्हणशील, लवंगीचं शेवटी डोकं फिरलं.

आमची डबी तुला माहीत आहे. परगावी राहणारी मुलं आपल्या आवाजात दोन वाक्यं बोलून देतात, आणि आईवडिलांच्या घरातल्या फळीवर ठेवलेली डबी ठरल्या वेळेला ती वाजवते. गोळी घ्या, गॅस बघा, दाराला कडी लावा. डबीलाच गोळ्यांचा कप्पा असतो; तो उघडला की ऑफिसात आम्हाला कळतं. हे सगळं तुझ्या दादाने पहिल्या ओळीपासून लिहिलं. आम्ही त्याला गुरुजी म्हणायचो, कारण ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येकाला तो फळ्यापाशी उभा करायचा, मला धरून. त्याने मला जे पहिल्या दिवशी शिकवलं तेच तुला सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमच्या लेखी प्रत्येक घर म्हणजे एक ऑब्जेक्ट. घराजवळ त्याचं त्याचं सामान असतं: आवाज, वेळ, गोळ्यांची नावं. पण हाक मारायची जी कृती असते, जिला आम्ही मेथड म्हणतो, ती सगळ्यांत मिळून एकच. घरं तीनशेच्या आसपास, हाक एक. मग त्या हाकेला कसं कळावं, की आत्ता कोणाचा आवाज लावायचा? त्यासाठी तिच्या आत एक शब्द लिहिलेला असतो, 'धिस'. ज्या घराने मला आत्ता बोलावलं ते घर, एवढाच त्याचा अर्थ. गुरुजी म्हणायचे, "लवंगी, दारावर थाप पडली, तू विचारलंस कोण, बाहेरून उत्तर आलं, मी. आता हा मी कोण, हे त्या शब्दात आहे का? नाही. ते दाराबाहेर कोण उभं आहे त्यावर आहे. धिस तसाच. रिकामा शब्द. जो उभा असेल त्याचा." मी तेव्हा विचारलं, आणि बाहेर कोणीच उभं नसेल तर? त्यावर ते हसले आणि म्हणाले, "शहाणी आहेस. नोकरी पक्की."

कारण तसं होऊ शकतं. मेथड घरापासून सोडवून नुसतीच दुसऱ्याच्या हातात दिली, की ती चालते, पण कोणाची म्हणून चालते हे तिला ठाऊक नसतं. 'धिस' म्हणून हात पुढे करते आणि हाताला काही लागत नाही. त्या वेळी काय करायचं, यावरून गुरुजींचं आणि माझं एकदा जोरदार भांडण झालं होतं. माझं म्हणणं, अशा वेळी प्रोग्रामने थांबावं, लाल अक्षरात चूक दाखवावी आणि गप्प बसावं. सगळी पुस्तकं तेच सांगतात. ते म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्याला रक्तदाब नसावा. अगं, सकाळची गोळी आहे ती. आपण गप्प बसलो तर तिकडे म्हातारं माणूस वाट बघत गोळीविना राहील. चुकीच्या आवाजात का होईना, हाक गेली पाहिजे." मी म्हटलं, मग लावणार कोणाचा आवाज? तर म्हणाले, "माझा लाव. घर कोणाचं ते कळलं नाही, तर माझं धर." आणि तशी ओळ त्यांनी खरंच लिहिली. तुला यात नवल वाटणार नाही. ऑफिसात बेवारस राहिलेली छत्री त्यांच्या टेबलाखाली, कोणी न धुतलेले कप त्यांच्याकडून धुतलेले, आणि ज्या तक्रारीला कोणी वाली नाही ती त्यांच्या नावावर. मी त्यांना म्हणायचे, तुम्ही माणूस नाही, हरवलं-सापडलंचं खातं आहात. ते म्हणायचे, "असू दे, खात्याला निदान खिडकी असते."

त्यानंतरचं तुला ठाऊकच आहे, पण माझ्या बाजूने एकदा लिहू दे. दुपारचं जेवण करून ते ऑफिसच्या पायऱ्यांवर बसले ते उठलेच नाहीत. त्यांना पोचवून आलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या बाहेरच्या खोलीत आम्ही सगळे भिंतीला टेकून बसलेलो असताना फळीवरून त्यांचा आवाज आला. "आई, उठलीस का? मी आहे. गोळी आधी, चहा मग." काकूंनी सवयीने "उठले रे" म्हटलं. तू उठलीस आणि डबी तारेसकट उपटलीस. मला दारात गाठून तू म्हणालीस, "हे पूस. आत्ता. परत मला हा आवाज ऐकू येता कामा नये." मी तिथूनच ऑफिसात गेले आणि काकूंच्या घरातून त्यांचा आवाज काढून तुझा चढवला. तू तो फोनवरून बोलून दिला होतास: "आई, गोळ्यांची वेळ झाली आहे." बँकेतून सूचना यावी तसा. मला वाटलं काम झालं. पण कंपनीच्या अगदी पहिल्या आठवड्यात, एकही गिऱ्हाईक नसताना, गुरुजींनी चाचणीसाठी म्हणून एक घर बनवलं होतं. नंबर शून्य. आवाज त्यांचा, वाक्य तेच, आणि ती 'माझं धर'वाली ओळ या शून्याकडे बोट दाखवत होती. हे घर कोणाच्या यादीत नव्हतं. ते तिथेच बसून राहिलं.

आता आमचे नवे साहेब. त्यांना मी चकाचक म्हणते, कारण त्यांना सगळं चकाचक लागतं: टेबल, बूट, कोड. माणूस वाईट नाही. फक्त जिथे दोन ओळी दिसतात तिथे त्यांना एक ओळ हवी असते. प्रोग्राममध्ये वेळ झाली की हाक सोडणारा जो भाग आहे, त्याला आम्ही घड्याळ म्हणतो. गुरुजींचं घड्याळ घरोघर जायचं आणि घराला सांगायचं, हं, मार आता तुझी हाक. चकाचक म्हणाले, एवढी घरं कशाला हिंडायची, हाकच घड्याळाच्या हातात देऊन टाकू. दिली. घर द्यायचं राहिलं. आमच्या धंद्यातली माणसंच ही चूक करू जाणोत: पत्र लिहिलं, तिकीट लावलं, पेटीत टाकलं, पत्ता मनात. चाचण्या घेतल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. हिरव्या का, तर चाचणी फक्त विचारत होती, हाक गेली का? गेली होती. कोणाच्या आवाजात गेली हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. मी तर त्या दिवशी चकाचकांना शाबासकीसुद्धा दिली होती, जी मी सहसा देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू झाले. पहिले एक निवृत्त मुख्याध्यापक होते. "माझी सून मला आई का म्हणते आहे? आणि तेही पुरुषी आवाजात?" मी समजूत घातली. मग एक आजी: "मुलगा बदलून दिलात का हो? हा जास्त मायेने बोलतो. असू द्या, आमचा परत पाठवू नका." मी हसत होते, ठमे. खरंच हसत होते, आणि मनात तुला सांगायचा मसाला जमवत होते. तिसऱ्या फोनवरच्या गृहस्थांना ऐकू कमी यायचं. ते म्हणाले, थांबा, तुम्हीच ऐका, आणि त्यांनी फोन डबीला लावून परत वाजवायचं बटण दाबलं. "आई, उठलीस का? मी आहे." माझ्या कानात, अगदी कानाशी. मागे पंख्याची ती टकटक होती, जी तुमच्या स्वयंपाकघरातल्या पंख्याची आहे. मी फोन ठेवला नाही. ते गृहस्थ पलीकडून हॅलो हॅलो करत राहिले आणि मी ऑफिसात गुरुजींच्या टेबलाकडे बघत राहिले, जिथे आता एक झाड ठेवलंय. तेवढ्यात चकाचक आनंदाने धावत आले. कप्पे उघडल्याचा जो आलेख भिंतीवर असतो, त्यावर त्या सकाळचा खांब सगळ्यात उंच होता. एवढ्या घरांत एवढ्या वेळेवर गोळ्या आजवर कधीच घेतल्या गेल्या नव्हत्या. त्यांना अजून कळायचं होतं की तो खांब कोणाचा आहे. आणि मला हेही दिसत होतं की त्या भांडणात मी हरले आहे. मी म्हटलं होतं तसा प्रोग्राम गप्प बसला असता, तर त्या सकाळी एकाही घरात हाक गेली नसती.

मग ड्रॉइंगच्या बाईंचा फोन आला. काकूंच्या शेजारच्या, ज्यांच्या मुलीचा आवाज डबीत आहे. काकूंनीच त्यांना आमची डबी घ्यायला लावली होती. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या ओळखीच्या आहेत ना या? माझ्या दारात उभ्या आहेत, आणि काय करावं मला कळत नाही. तुम्ही याल का?" मी रिक्षा केली. तोवर झालं होतं ते असं. तू तुझ्या घरी परत गेल्यावर काकूंनी आपली डबी कपाटात चादरींखाली ठेवून दिली होती. कप्पा उघडत नाही हे ऑफिसात दिसायचं, पण मी समजले तार अजून तुटलेलीच आहे; कपाटाचं मला माहीत नव्हतं, तुलाही नसेल. त्या सकाळी त्या अंथरुणात जाग्याच होत्या, आणि भिंतीपलीकडून त्यांना आपल्या मुलाचा आवाज आला. आई, उठलीस का. त्या उठल्या, पदर सारखा केला, शेजारची बेल वाजवली आणि विचारलं, "माझा मुलगा आत आहे का?" बाईंनी काय करावं? त्यांनी वाद घातला नाही. "या, बघा," म्हणाल्या, आणि काकूंचा हात धरून एकेका खोलीतला दिवा लावत सगळं घर दाखवलं. न्हाणीघर, बाल्कनी, चित्रांची अडगळ, कपाटामागची जागा. काकू दारामागेही बघून आल्या. मग बाहेर येऊन उंबऱ्यापाशी खाली बघत म्हणाल्या, "नाही. चपला नाहीत त्याच्या." आणि तिथेच उभ्या राहिल्या. आत येईनात, घरी जाईनात. मी पोचले तेव्हा एक हात भिंतीवर टेकवून उभ्या होत्या, भिंतीला ताप आहे का बघावं तशा.

मी त्यांना घरी नेलं आणि स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं, तुला सांगितलं तसंच: घरं, हाक, रिकामा शब्द, शून्य नंबर. मला वाटलं रडतील. तुझी आई रडणारी नाही, हे मी विसरले होते. त्या म्हणाल्या, "म्हणजे तो बाईंना आई म्हणाला." मी म्हटलं, हो. "आणखी कोणाकोणाला?" मी म्हटलं, सगळ्यांनाच, काकू. तीनशेक घरं आहेत. "तीनशे बायकांना!" काही बाप्येही आहेत, असं मी म्हटलं, जणू त्याने फरक पडत होता. त्या ओट्याकडे वळून म्हणाल्या, "आणि माझ्याकडे मात्र नाही." मी सांगितलं की तुमची डबी कपाटात आहे म्हणून. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी माझी हुशारी गिळली. मग म्हणाल्या, "मला वेड लागलेलं नाही गं. रेकॉर्ड आहे हे कळतं मला. मी हलले ती त्याने नाही. तो लोकांच्या घरात उभा राहून हाका मारतोय, आणि त्याला ठाऊकच नाही की घर दुसऱ्याचं आहे, आई दुसऱ्याची आहे. विचारायलाही कोणी नाही की अरे, तू कोण, कोणाकडे आलास? हे बरं नाही. त्याला तिथून काढा." मी म्हटलं, काकू, आवाजाला काही ठाऊक नसतं. "म्हणूनच म्हणते," त्या म्हणाल्या. "त्याला ठाऊक नाही. आपल्याला आहे ना?"

घड्याळ मी त्याच दुपारी दुरुस्त केलं. एका ओळीचं काम: हाक देताना तिला तिचं घर बांधून द्यायचं. दुसऱ्या दिवसापासून मुख्याध्यापकांना सून आणि आजींना आपला जुना मुलगा परत मिळाला. आजी नाराज आहेत. मला वाटलं, आता शून्य नंबरचं घर तसंच राहिलं तरी कोणाला त्रास नाही, असू दे बापडं एका कोपऱ्यात. खरं सांगायचं तर ते पुसायला माझाच हात धजत नव्हता. मग गेल्या आठवड्यात मी एक डबी परत आणायला गेले. त्या घरातल्या बाई वारल्या होत्या, मुलाने सेवा बंद केली होती, फ्लॅटला कुलूप होतं. किल्ली रखवालदाराकडे होती. त्याने ती दिली खरी, पण वर यायला तयार होईना. म्हणाला, "ताई, तुम्ही जा, मी इथे थांबतो. त्या घरात सकाळी कोणीतरी आपल्या आईला उठवतं. मी रोज ऐकतो." मला लगेच कळलं. ते घर आम्ही पुसलं होतं, पण त्या घराची हाक घड्याळात राहून गेली होती, आणि तिला बांधायला आता घरच नव्हतं. मालक गेला की हाक बेवारस होते. आणि बेवारस ते सगळं कोणाकडे जातं, हे तुला ठाऊक आहे. मी कुलूप काढलं. फर्निचरवर चादरी टाकलेल्या, खिडक्या बंद, धुळीत फक्त माझ्या पावलांचे ठसे. फळीवर डबीचा हिरवा दिवा चालू. ते रोज सकाळी इथे येत होते. रिकाम्या खाटेला विचारत होते, उठलीस का? मी आहे. मी तार काढली तेव्हा पहिल्यांदा मला तुझा त्या दिवशीचा हात समजला. काकूंनी परवा सांगितलं, तारेने तुझा तळवा कापला होता. तू मूठ मिटून घेतलीस, पण त्यांनी पाहिलं होतं. त्यांना तुझा राग कधीच आला नव्हता, ठमे. त्यांनी डबी कपाटात टाकली, ती रागाने नाही. त्यांना वाटलं, तुला त्या फळीकडे बघवत नाही म्हणून तू येत नाहीस.

आता हे पत्र का, ते सांगते. शून्य नंबरचं घर मी पुसणार आहे. महिनाअखेरीपर्यंत असली जुनी घरं साफ करायचा चकाचकांचा हुकूम आहे, पण हुकुमासाठी नाही. काकूंनी सांगितलं म्हणून. गुरुजींच्या ओळीच्या जागी मी दुसरी लिहिली आहे: घर कोणाचं ते कळलं नाही, तर ऑफिसातला फोन वाजेल आणि जो माणूस पाळीवर असेल तो जिवंत तोंडाने बोलेल. गुरुजींचं आणि माझं भांडण असं अर्ध्यावर मिटवलं आहे. पण पुसण्याआधी काकूंचं एक मागणं आहे, आणि ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते. "इतकी घरं हिंडला, एकदा आपल्या घरी आण त्याला. एकदाच. पण ती आली तरच. मी एकटी ऐकणार नाही, आणि नंतर कधीतरी तिला एकटीला ऐकू यावं असंही मला नको." ठमे, ये. येत्या रविवारी सकाळी. डबी काकूंनी कपाटातून काढून पुसून फळीवर ठेवली आहे. तुम्ही दोघी समोर बसलात की मला फोनवर नुसतं 'हं' म्हण. मी ऑफिसातून ती हाक माझ्या हाताने सोडेन, काकूंच्या घराला नीट बांधून, म्हणजे ते आई म्हणतील तेव्हा ऐकणारी त्यांचीच आई असेल. काकूंना जे उत्तर द्यायचं ते देऊ दे, तुला द्यायचं ते तू दे. मग मी पुसेन. पुसल्यावर कळवणार नाही. तुम्ही चहा टाका. तू नाही आलीस तर मी हाक सोडणार नाही, आणि महिनाअखेरीला न ऐकताच पुसावं लागेल, एवढं मनात असू दे. रविवारी ऑफिस बंद असतं, पण पाळीवर एकाला बसावं लागतं. या रविवारी माझं नाव नव्हतं, मी मागून घेतलं. मागे एकदा मला माझा वाढदिवस झोपून काढायचा होता, तेव्हा गुरुजी माझ्या जागी रविवारभर बसले होते, आणि तो रविवार त्यांनी कधी परत मागितला नाही. चकाचकांनी काल तक्ता भरताना विचारलं, या रविवारची बदली सुट्टी कधी लावू तुमची? मी म्हटलं, लावू नका, घेऊन झाली आहे.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
लवंगी